जागेच्या मालकाला विचारून

आमच्या व्याह्यांइतकी परवानगी मागणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल, आणि परवानगी मागताना एवढा मोठा आवाज लावणारा तर नाहीच नाही. माणसांना मात्र ते सहसा काही विचारत नाहीत. माझ्या मुलीला सून करून घेतानासुद्धा त्यांनी मला विचारलं नव्हतं. जोगेश्वरीहून मुलुंडला आले, दोन कप चहा घेतला आणि "मग वैशाखात उडवून टाकूया" असं सांगून उठले. ते विचारतात ते जागेच्या मालकाला. आता मी आयुष्याची तेहेतीस वर्षं दस्तनोंदणीच्या कचेरीत घालवलेली. माझ्या लेखी मालक म्हणजे ज्याचं नाव सात-बाऱ्यावर तो. व्याह्यांच्या लेखी सात-बाऱ्यावर असतात ते सगळे भाडेकरू. खरा मालक म्हणजे त्या जागेचा राखणदार. तो झाडात असेल, दगडात असेल, नुसत्या वाऱ्यात असेल, पण असतो, आणि त्याला सांगितल्याशिवाय त्याच्या जमिनीवर खुंटी ठोकायची नाही, हा त्यांच्या घराण्याचा नियम.

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चपला काढण्याआधी दारातच त्यांनी मला विचारलं, "व्याहीबुवा, ही बिल्डिंग व्हायच्या आधी हय काय होता?" मी मोठ्या हुशारीने सर्व्हे नंबर सांगितला, मूळ खातेदाराचं नाव सांगितलं, हिस्से किती पडले तेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ता झाला कागदाचा. राखणदार खय आसा?" मी तीस वर्षं त्या इमारतीत राहत होतो, मला काय माहीत! ते तसेच खाली उतरले. कंपाउंडला एक फेरी मारली आणि पाण्याच्या पंपामागे वाढलेल्या एका उंबरापुढे जाऊन उभे राहिले. तो उंबर तोडायचा ठराव आमच्या सोसायटीने तीनदा मंजूर केला होता आणि आळसापायी तीनदा राहून गेला होता. व्याह्यांनी खिशातून सुपारी काढून बुंध्याशी ठेवली, पाच मिनिटं काहीतरी बोलले आणि वर येऊन पोह्यांच्या दोन बशा रिकाम्या केल्या. आज त्या उंबराला सोसायटीच्या खर्चाने कट्टा बांधलेला आहे आणि ठरावाला सूचक असलेले गृहस्थ रोज सकाळी तिथे उदबत्ती लावतात. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो हे मी मुलुंडमध्ये कुणाला सांगत नाही.

ज्यांना कोकण फक्त आंब्यापुरतं ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो. व्याही जे बोलले त्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्यात संस्कृत नाही, पोथी नाही. एक जाणता माणूस उभा राहून देवाला आपल्या घरच्या बोलीत, समोरासमोर सांगतो की आम्ही अमके, आलो आहोत, हे करणार आहोत, चुकलंमाकलं सांभाळून घे. आणि प्रत्येक वाक्याला मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "होय म्हाराजा!" ही साथ मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. व्याह्यांच्या गावात देवळापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्यांच्याकडे आलेला. वडील मुंबईला गिरणीत लागले तरी जत्रेला रजा काढून जायचे. व्याहीसुद्धा एकदाही चुकले नाहीत. लग्नात माझ्याशी ओळख करून देताना त्यांनी स्वतःचा हुद्दा तोच सांगितला. नोकरी विचारल्यावर म्हणाले, "ती काय, लिफ्टची."

ती काय, लिफ्टची! अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जेवढ्या उंच इमारती दिसतात त्यांतल्या निम्म्या लिफ्टा या माणसाने स्वतःच्या हातांनी बसवल्या आहेत, आणि एकही गाऱ्हाण्याशिवाय चालू केलेली नाही. बोरिवलीच्या एका टॉवरच्या उद्घाटनाला बिल्डर फीत कापून बटणाशी पोचला तर व्याही आडवे उभे. "शेट, चोवीस मजले माणसां वर चढवणार, आणि खालच्या मालकाक सांगूक नको?" शेवटी तो घाटकोपरचा कच्छी बिल्डर, त्याचा आर्किटेक्ट, बिहारी गवंडी आणि फुलं विकायला आलेली बाई असे सगळे हात जोडून ओळीने उभे राहिले आणि "होय म्हाराजा" म्हणाले तेव्हा कुठे लिफ्ट हलली. ती लिफ्ट आजवर अडकलेली नाही असं व्याही सांगतात. विहीणबाई सांगतात की अडकली होती, दोनदा, पण ह्यांच्यापुढे ते बोलायची सोय नाही.

माझी अडचण वेगळीच होती. मला ते "होय म्हाराजा" म्हणताच येत नसे. आमच्या घरात देवाशी बोलायचं ते मनातल्या मनात, शेजाऱ्याला ऐकू जाता कामा नये. लग्नात व्याह्यांनी माईक हातात घेऊन मुलुंडच्या हॉलमध्ये गाऱ्हाणं घातलं. समोरच्या रांगेत माझ्या कचेरीतले सगळे साहेब. मी नुसते ओठ हलवले. तीनशे माणसांच्या गजरात एक आवाज कमी पडला तर कळणार कुणाला? गाऱ्हाणं संपल्यावर व्याही जवळ आले आणि हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, तुमचो आवाज येणा नाय." लिफ्टच्या मोटरच्या घरघरीवरून कुठला बोल्ट ढिला आहे ते ओळखणारा कान तो.

तर लग्नानंतर वर्षभरात आमची अनघा आणि जावई नोकरीसाठी टास्मानियाला गेले. ऑस्ट्रेलियाच्याही खाली समुद्रात एक बेट आहे, त्याच्यापुढे थेट बर्फच. तिथल्या होबार्ट नावाच्या बंदराच्या गावी पाच वर्षं राहिल्यावर गेल्या वर्षी जावयाचा फोन आला. तिथे घर पाहिलंय, कायमचं राहावं म्हणतोय, पण तुम्ही दोघे वडील हो म्हणालात तरच. मी कचेरीतल्या सवयीने "निर्णय तुमचा आहे" असा शेरा मारला आणि आठवडाभर मला जेवण गेलं नाही. व्याही मात्र साफ म्हणाले, "जागा बघितल्याशिवाय, मालकाक इचारल्याशिवाय नाय." मग मला बाजूला घेऊन मुलाबद्दल खरं काय ते सांगितलं. "मी झीलाक परत घेऊन येतलंय. माझ्यामागे गाऱ्हाणा कोण घालतलो? तो थय रवलो तर आमच्या घराण्याचो मान माझ्याबरोबर संपलो." मी तोंडाने "बघा बुवा" म्हटलं, पण आतून मला हायसं वाटलं. माझीही एकुलती एक मुलगी होती. भांडण ते करणार, मुलगी मलाही परत मिळणार. एवढा स्वस्तातला वकील मला कुठे भेटला असता?

अशी आमची वरात निघाली: मी, माझी बायको आणि व्याही. विहीणबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्यांनी जोगेश्वरीतूनच मला फोन केला, "भाऊ, ह्यांका जरा आवरा हां तिथे." विमान सुटण्याआधी व्याही डोळे मिटून बसले तेव्हा मी घाबरून विचारलं, इथेही गाऱ्हाणं घालताय काय? ते म्हणाले, "आकाशाचो मालक एकच. तेका घरासूनच सांगून इलंय." ऑस्ट्रेलियात उतरल्यावर एक लहानसा कुत्रा आला, सगळ्यांच्या सामानावरून पुढे गेला आणि व्याह्यांच्या पिशवीपुढे बसला. पिशवीत गावच्या माडाचा नारळ, पाच विड्याची पानं आणि सुपाऱ्या. व्याह्यांनी काही लपवलं नव्हतं, फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पण त्या देशात बाहेरचं फळ-पान नेता येत नाही, त्यांच्या झाडांना रोग लागतो म्हणे. अधिकारी बाई नारळ पेटीत टाकायला निघाली तर व्याह्यांनी हात वर करून तिला थांबवलं. आता यांना आवरायची वेळ आली असं वाटून मी पुढे झालो. त्यांनी खुणेने तिला दोन्ही हात पुढे करायला सांगितले. तिने खरंच दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि तो पेटीत सावकाश ठेवला. "चांगल्या घरची आसा," व्याही म्हणाले.

होबार्ट पाहून मात्र ते मनातून हलले, हे मला कळलं. मागे डोंगर, पुढे बंदर, धक्क्यावर जुन्या दगडी वखारी आणि मच्छीमारांच्या होड्या. अर्धा तास ते धक्क्यावर उभे राहून होड्यांची दोरखंडं तपासत होते. "डोंगर सोडलो तर सगळा आमच्या वेंगुर्ल्यासारखा," असं प्रशस्तिपत्रक त्यांनी दिलं आणि लगेच अनघाकडे वळून विचारलं, "सूनबाय, हयचो मालक कोण?" तिने भाबडेपणाने सांगितलं, "धक्का ना पप्पा? सरकारी. म्हणजे राजाचा म्हणायचा." "राजा खय रवता?" "लंडनला." व्याह्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अगो, राखणदार कधी लंडनाक रवता काय?" पुढचे चार दिवस हाच प्रश्न चालला. बाजारात, वस्तुसंग्रहालयात, जावयाच्या बॉसच्या घरच्या जेवणातसुद्धा. मुलांनी बघून ठेवलेलं घरही आम्ही पाहिलं. उतारावरचं, लाकडी, खिडकीतून बंदर दिसणारं. आम्ही परत निघायच्या आत मुलांना घर विकणाऱ्याला होय की नाही ते कळवायचं होतं. व्याही आत गेलेच नाहीत, फाटकाशी उभे राहिले. "मालक म्हायत नाय, आत कसो जाऊ?" जावयाने चावी खिशात टाकली तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला.

मग आम्हाला एका जुन्या गावी नेलं. तिथे नदीवर एक दगडी पूल आहे, इंग्लंडातून पाठवलेल्या कैद्यांनी बांधलेला. व्याही पुलाच्या कमानीवरून हात फिरवत म्हणाले, "काम एक नंबर. काय गुन्हा केल्यानी होते?" अनघा पाटी आणि पुस्तिका वाचून सांगत होती. कुणी रुमाल चोरला, कुणी कोंबडी. शिक्षा सात वर्षं. "मग परत गेले?" "बरेचसे नाहीच गेले पप्पा. इथेच राहिले." व्याही पुलाच्या कठड्यावर बसले. खाली बदकं पोहत होती. कुणाला उद्देशून नव्हे असं, ते म्हणाले, "तेंच्या बापाशीक कोणी इचारल्यान नसात." आणि मग जावयाकडे न बघता, "माझो बापूस गिरणीत इलो तेव्हा आज्याक सांगल्यान होता, दोन वर्सांत परत येतंय. आजो मरासर वाट बघीत रवलो." जावई म्हणाला, "पप्पा, मी तुम्हाला विचारतोय ना म्हणूनच." त्यावर व्याही उठले आणि बदकांना बिस्किटं घालू नयेत अशी पाटी असतानाही दोन घातली.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही रानात गेलो. रान म्हणजे आपल्याकडचं नव्हे. हजारो वर्षांची झाडं, शेवाळाने मढलेली, चहाच्या रंगाचं पाणी वाहणारे ओढे, आणि दूरवर माणसाची एकही खूण नाही. तिथे फिरवून आणायला एक साठीची बाई होती, ठेंगणी, पिकल्या केसांची. आमच्याबरोबर देशोदेशीचे दहा-बारा प्रवासी. चालायला लागण्याआधी तिने सगळ्यांना थांबवलं आणि काही बोलू लागली. अनघा व्याह्यांच्या कानाशी हळू आवाजात मराठी करून सांगत होती. "त्या म्हणतायत, आपण पुढे जाण्याआधी ही जमीन ज्यांची आहे त्या इथल्या मूळ लोकांना, त्यांच्या होऊन गेलेल्या आणि आज असलेल्या वाडवडिलांना मी नमस्कार करते..."

"होऽऽय म्हाराजा!"

झाडावरची पाखरं उडाली. कांगारूच्या धाकट्या पातीचं कुठलंसं जनावर झुडपातून उडी मारून पसार झालं. एका जर्मन बाईच्या हातातली पाण्याची बाटली पडली. मी जमीन दुभंगण्याची वाट पाहत होतो. आम्हाला फिरवणाऱ्या बाईने विचारलं, हे गृहस्थ काय म्हणाले? अनघाला ते समजावून द्यायला चांगली पाच मिनिटं लागली. राखणदार, गाऱ्हाणं, मान, सगळं. बाई ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं प्रवाशांपुढचं हसू जाऊन तिथे दुसरं काहीतरी आलं. ती म्हणाली, मी त्याच मूळ लोकांपैकी आहे. माझी पणजी या बेटाच्या किनाऱ्यावरची. आमच्यातलं कुणी उरलंच नाही असं किती वर्षं पुस्तकांत छापत होते, शाळेत मला तेच शिकवलं. पण आम्ही आहोत. अनघाने ते मराठीत सांगितलं. व्याह्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि जावयाला म्हणाले, "झीला, पाच वर्सां हय रवलंस आणि मालकीण कोण ता तुका म्हायत नाय!" मग त्या बाईला, तिला समजेल की नाही याची पर्वा न करता, त्यांनी विचारलं, "माय, तुझ्या जागेत गाऱ्हाणा घालू काय?" अनघा सांगायच्या आतच तिने मान हलवली.

नारळ नव्हता. अनघाच्या पिशवीत एक सफरचंद निघालं, त्याच बेटावरचं. ते ओंजळीत धरून व्याही उभे राहिले आणि मी मनाशी तयारी केली. आता ते पोराला परत मागणार. मला तेच हवं होतं, मी खोटं कशाला बोलू.

"बा देवा म्हाराजा," व्याही म्हणाले, नेहमीपेक्षा हळू. "तुझा नाव आमका म्हायत नाय, पण तू आसस. आमी लांबसून इलंव, जोगेश्वरीसून. हातात नारळ नाय, तुझ्याच झाडाचा फळ आसा. ह्यो माझो झील आणि ही माझी सून, ह्या व्याह्यांचा चेडू. पाच वर्सां तुझ्या जमिनीर रवतत, तुका न इचारता. ती चूक पोरांची नाय, आमची, आमी शिकवूक नाय. आता तेंका हय घर करूचा आसा." इथे ते थांबले. "माझ्या आज्यान वाट बघल्यान. मी बघूचंय नाय. तेंका पावणे म्हणा नको, आपली म्हण. वाकड्या वाटेक गेली तर सरळ कर, आजारी पडली तर उशाशी बस. आमी लांब आसंव. म्हणान सांगतंय, तुझ्या वटीत घातलंय."

आता मागून साथ हवी होती. कुणी उत्तर द्यायचं? जावई जमिनीकडे बघत उभा. अनघाने तोंडाला हात लावलेला. माझी बायको डोळे पुसत होती. बाकीच्यांना भाषा कळत नव्हती. गाऱ्हाणं तसंच हवेत लोंबकळत राहिलं आणि व्याही, डोळे मिटलेले, साथीची वाट बघत उभे. माझ्या मुलीला माझ्यापासून कायमची लांब ठेवणारं ते वाक्य, आणि त्याला होकार देणारा तिथे मी एकटाच शिल्लक. माझ्या लहानपणापासून पोटात दडून बसलेला आवाज कुठून वर आला कोण जाणे.

"होय म्हाराजा!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. समोरच्या डोंगरावर आपटून तो परतसुद्धा आला. व्याह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्याहीबुवा, आज आवाज इलो." फळ तिथे ठेवायला मनाई होती, तेव्हा त्या बाईने आपल्या चाकूने त्याच्या फोडी केल्या आणि व्याह्यांनी त्या जर्मन बाईसकट सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटल्या. एक फोड एवढी पातळ होती की पलीकडचं दिसत होतं, ती त्यांनी स्वतः खाल्ली. संध्याकाळी परतताना त्यांनी गाडी त्या उतारावरच्या घरापाशी थांबवायला लावली आणि उजवा पाय आधी टाकून आत गेले.

मुलांनी गृहप्रवेश केला त्या रविवारी आम्ही सगळे जोगेश्वरीला व्याह्यांच्या घरी जमलो होतो. कोलंबीचं कालवण, वडे, सगळा बेत. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. पलीकडे जावई नव्या घराच्या फाटकात हातात सफरचंद घेऊन उभा, कागदावर काही लिहून आणलेलं. मग त्याने तो कागद खिशात घातला आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..." दोन ठिकाणी अडखळला, एका ठिकाणी चक्क मुंबईचं हिंदी शिरलं. पण प्रत्येक वाक्याला इकडून आम्ही चौघे ओरडत होतो, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता हे विहीणबाईही कबूल करतील. फोनवरून आमची साथ तिकडे पोचायला जरा वेळ लागे. ती ऐकू येईपर्यंत तो प्रत्येक वेळी थांबत होता.

फोन बंद झाल्यावर व्याह्यांनी तो तांबा उचलून सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं. यंदा जत्रेला त्यांच्याबरोबर मी जाणार आहे. त्यांना आता चढण जमत नाही आणि हाताशी माणूस लागतो. "व्याहीबुवा," ते म्हणाले, "झीलाचो आवाज अगदी माझ्या बापाशीसारखो, नाय?"

त्यांच्या वडिलांना जाऊन चाळीस वर्षं झाली. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

"अगदी तसाच," मी म्हणालो.